नखभर

रेथिम्नोच्या बंदरावर लिरा टांगलेल्या असतात
वाळत घातलेल्या ऑक्टोपसांच्या शेजारी.
एकेक ऐंशी युरो. व्हार्निश इतकं चकचकीत
की आपलाच चेहरा विकत घेऊन निघावं.
"भिंतीवर शोभेल," दुकानदार म्हणाला,
"खिळा फुकट."

मला खिळा नको होता.
पाकिटात एकशे दहा युरो, चारची बस,
आणि कानात आदल्या रात्रीचा आवाज:
खानावळीच्या मागच्या अंगणात कुणीतरी
मांडीवर उभी धरून ती वाजवत होतं,
घसा बसलेल्या माणसानं
तरीही डोंगरापलीकडे हाक मारावी तशी.

मागच्या गल्लीत, चादरींच्या दोरीखालून वाकून गेलं
की मानूसोसचं दुकान.
सरसाचा वास. अक्रोडाचा भुसा थेट भुवयांपर्यंत.
तो जवाचा कडक पाव पाण्यात बुडवून खात होता.
नात रोदांथी दुभाषी, पाठीवर दप्तर तसंच.
मी म्हणाले, स्वस्तातली एखादी.
तो म्हणाला, हात दाखव.

वाटलं, भविष्य सांगतो की काय.
मी तळवे पुढे केले.
त्यानं ते उलटे केले, आणि चावायचा थांबला.

रोदांथीनं सांगितलं, सांगताना तिलाच ओशाळल्यासारखं झालं:
हिची तार बोटानं दाबत नाहीत.
बाजूनं नख टेकवतात. नुसतं टेकवतात.
आजोबा म्हणतात, तुझ्या हातांना नुसतीच बोटं आहेत.

खरं होतं.
दहावीच्या पेपरात खाल्ली, मुलाखतींच्या बाकांवर खाल्ली,
आईचे रिपोर्ट यायचे होते तेव्हा तर
कातडीपर्यंत पोचले होते.
हे सगळं ग्रीकमध्ये कसं सांगायचं?
मी हात खिशात घातले.

तो आत गेला. परत आला तेव्हा हातात एक काळसर लिरा,
माथ्यावर नक्षी नाही, पोटाला चिकटवलेली एक चीर.
रस्त्यासाठी तोडलेली तुती.
वरची फळी पाडलेल्या गोठ्याच्या तुळईची;
नाक लावलं तर अजून शेळ्यांचा वास येतो, म्हणे.
एकशे साठ.

मी नव्वदपासून सुरुवात केली, सवयीनं.
रोदांथीनं माझा आकडा भाषांतर केलाच नाही.
"त्यांना समजेल," ती म्हणाली, "म्हणून."
मग मी पाकीटच उघडून दाखवलं.
त्यानं शंभर घेतले, दहाची नोट परत केली:
बसला लागतील.

लिरा जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून दिली.
गज मात्र काढून घेतला
आणि खिडकीवरच्या खुंटीला अडकवला.
मी बघतच राहिले.
"नखं वाढली की फोटो पाठव," रोदांथी म्हणाली.
"मग गज पोस्टानं."
शंभर युरोंत मी एक मुकं लाकूड घेतलं होतं,
आणि बस सुटायला अकरा मिनिटं होती.

पाच आठवडे झाले. अजून बेटांवरच आहे.
कार्पाथोसला एका पाहुणेघरात चादरी बदलते,
म्हणून खोली फुकट.
मालकीणबाई कालियोपी रोज विचारतात,
"ते उशीत गुंडाळलेलं मूल कधी बोलणार?"
अनामिकेचं नख दोनदा तुटलं, एकदा बादलीत, एकदा स्वप्नात.
स्वप्नातलं सकाळी खरंच तुटलेलं होतं.

परवा फोटो पाठवला. चार बोटं, चार पांढऱ्या कडा,
नखभरच, पण माझ्या.
उत्तर आलं: आजोबा विचारतात, अंगठा कुठाय?
मी लिहिलं, अंगठा तर वाजवायला लागतच नाही.
उत्तर आलं: जो लपवतो, तो अजून खातो.

रात्री खिडकी लावून घेते,
लिरा मांडीवर उभी धरते,
तर्जनीचं नख मधल्या तारेला बाजूनं टेकवते.
काहीच ऐकू येत नाही.
तार थंड असते, आणि किंचित बाजूला सरते,
जसं बाकावर कुणी आपल्यासाठी सरकावं.

अंगठा मी मुठीत घालून झोपते.