केरीला, साडेतीननंतर

चार हंगामांपूर्वी एक दाढीवाला परदेशी
पेडण्याच्या माझ्या दुकानात फाटका पतंग टाकून गेला.
संक्रांतीचा नव्हे, दोन दोऱ्यांचा,
दोन्ही हातांवर चालणारा, कापड पॅराशूटचं.
आतून पट्टी लावून दुहेरी टीप मारली.
न्यायला तो आलाच नाही.

शिवण धरते की नाही, वाऱ्याशिवाय कोण सांगणार?
गिऱ्हाइकाला म्हणता येतं, अंगात घालून बघ.
इथे अंगच हवेचं.

देवळामागच्या मैदानात
वारा माडांवरून खाली पडतो
आणि लोळतो, चिखलातल्या म्हशीसारखा.
पतंग चढला, गोंधळला, नाकावर आपटला.
सड्यावर वारा एकसंध, पण खाली कानशीसारखा जांभा
आणि डोक्यावर विजेच्या तारा.
स्कूटरला पतंग आडवा बांधून परतलो.

मग केरी.
अकराला पोचलो तर मतलई सुरूच्या बनातून येत होती,
विंचरलेली, तुकड्यातुकड्यांनी.
सगुण पागी जाळं सांधत बसला होता.
म्हणाला, "रे शिंप्या, घाई कित्याक?
हें वारें जमनीचें. तें पयलीं मरूंक दी."

मेलं ते.
दीडपर्यंत पाणी तेलासारखं पडून.
आम्ही त्याच्या डब्यातलं सुंगटाचं सुकं खाल्लं.
मग गाल गार झाला, एकच, समुद्राकडचा.
सगुणने मूठभर रेती सोडली:
ती तिरकी गेली, बनाच्या दिशेने.
तरी थांबलो. ओहोटी हवी होती,
पाऊल रुतणार नाही अशी ओली पट्टी,
झाडांपासून लांब, पर्यटकांच्या टाळक्यांपासून त्याहून लांब.

साडेतीनला दोऱ्या पसरल्या, पंचवीस-पंचवीस मीटर,
माझ्याच टेपने मोजून.
बोटभर फरक राहिला
तर पतंग जन्मभर डावीकडेच वळतो.
समुद्राकडे पाठ केली. एक पाऊल मागे.

उचलला गेला तो नव्हे, मीच, टाचांवर.
दोऱ्या गुणगुणायला लागल्या.
उजव्या पंखावर माझी टीप, निळ्यावर काळी,
तेव्हा जुळता धागा नव्हता दुकानात.
उजवा हात ओढला, वळला. डावा, सरळ झाला.
वाळूला टोक घासून पुन्हा वर.

"कोणाचो रे?" सगुणने विचारलं.
"गिऱ्हाइकाचा."

सहाला वारा सैल झाला.
पतंग घडी करून परत खुंटीला,
टाचणीने पावती तशीच:
एकशेवीस रुपये, येणे.