दाते खाली

"आता दाते खाली कर," ग्लेनिस म्हणाली.
मशीनच्या पाठीमागं एक खटका असतो,
तो सारला की सुईखालचे बारके लोखंडी दाते
आत जाऊन बसतात, कवळी काढून ठेवल्यासारखे.
मग कापड कुणी ओढत नाही.
तू नेशील तिकडं, नेशील तेवढंच.

मी हसले. सव्वीस वर्षं
हॅलिफॅक्सच्या चढांवर बस चालवली मी,
आणि ही मला सांगतेय.

पहिल्या दिवशी चार सुया मोडल्या.
दोष सीटच्या त्या जाड मखमली तुकड्याचा,
निरोपाच्या दिवशी क्लाइव्हनं डेपोतून कापून दिलेला.
ग्लेनिस नको म्हणाली होती. मी घातला. मधोमध.
भोवती माझेच जुने आकाशी शर्ट,
एकाच्या खिशावर अजून पेनचा डाग.

पायाखाली पायडल, हातांत रबरी ठिपक्यांचे बागकामाचे मोजे.
पाय पुढं गेला की टाके खसखशीएवढे,
हात पुढं गेले की इतके लांब
की झोपेत पायाचं बोट अडकावं.
बसला आरसे असतात. इथं पाठ दिसतच नाही.
उलटून पाहिलं, तर खाली दोऱ्यांची घरटी.
"वरचा ताण वाढव जरा,"
मग माझ्या खांद्यांकडं बघून,
"मशीनचा. तुझा आहे तो पुरे."

आई वाकळ शिवायची ती जमिनीवर अंथरून.
कापड जागचं हलायचं नाही,
तीच सरकायची कडेकडेनं, बसल्या बसल्या,
चौकोनाच्या आत चौकोन, धावदोरा,
शेवटी मधोमध येऊन अडकायची
आणि आपल्याच शिवणीवरून उठून जायची.
इथं मी खुर्चीला खिळलेली,
आणि वाकळ फिरते.
तिची वळकटी करून मशीनच्या बगलेत कोंबायची,
वळवायची, परत कोंबायची.
अरुंद गल्लीत डबलडेकर मागं घेणं सोपं.

नक्षी म्हणशील तर एकच रेघ,
ओढ्यासारखी वाकडीतिकडी,
अट एवढीच की स्वतःला कुठं ओलांडायचं नाही.
माझी रेघ दोनदा स्वतःवरून गेली.
ग्लेनिसच्या मते चूक.
माझ्या मते ते किंग क्रॉस,
तिथं सगळेच एकमेकांवरून जातात.
मग मी लपवलं नाही.
ओव्हनडेन, पुढं मिक्सेनडेनचा चढ,
शाळेपाशी एक गोल गिरकी, तिथं पोरं उतरायची
आणि एकच पोरगी, रोज, थँक यू म्हणायची.

परवा रात्री एकदाची लय सापडली.
हात आणि पाय एकमेकांना न विचारता चालू लागले.
घरघर एकसारखी.
खिडकीबाहेर धुकं, टेबलावर थंड चहा,
मी रिकाम्या रस्त्यानं निघालेली,
एकही सिग्नल लाल नाही.

वीतभर गेल्यावर बोट फिरवलं
तर टीप नाही. नुसती भोकं,
रांगेनं, एकसारखी, माझ्या हातची सर्वांत सुंदर.
वरचा दोरा हलकेच ओढला, निघून आला सगळा.
खालची बॉबीन कधीच संपली होती.
मी आपली चालवतेय,
पाटीवर "नॉट इन सर्व्हिस" लावलेल्या गाडीसारखी.

मशीन थांबलं तसा
वर झोपलेला भूपाल जागा झाला.
तोही इचलकरंजीचाच,
मागांच्या खडखडाटात झोपणारा
आणि वीज गेली की दचकून उठणारा.
जिन्यावरून म्हणाला, "काय गं, बंद का पडलं?"

"दोरा भरते," मी म्हणाले.
"झोप तू. आत्ता चालू करते."