मेले

नंदगडची शाळा, सातवी ब.
काचेच्या बरणीत टीपकागद गुंडाळून
आम्ही मसूर लावली होती,
काच आणि कागदाच्या चिमटीत एकेक दाणा.

विज्ञानाचे सर रजेवर. बदली तासाला कन्नडच्या हुक्केरी टीचर.
त्यांनी बरणी आडवी केली,
घरंगळू नये म्हणून डस्टर लावलं
आणि गेल्या.

सोमवारी बघतो तर
मुळं कोपरात वाकल्यासारखी, खाली.
कोंब वर.
टीचरनी काचेला बोट लावलं: ‘बेरु केळगे.’
मग बोट उलटं फिरवून: ‘चिगुरु मेले.’

सुलक्षणा मोदगेकर रडायलाच लागली.
‘मेले कसे, टीचर? हिरवे तर आहेत.’
अर्धा वर्ग हसला,
अर्धा हसणाऱ्यांकडे बघत बसला.
टीचरना कळेना. छताच्याही पलीकडे बोट दाखवत
त्या म्हणत राहिल्या, मेले, मेले,
आणि तिचं रडणं वाढत गेलं.

आता बेळगावात बियाणं तपासतो मी.
मुळाच्या टोकाला टोपी असते,
टोपीतल्या पेशींत पिठूळ कण.
मूळ आडवं झालं की ते घसरतात,
नव्या तळाशी जाऊन बसतात,
पोतं आपटल्यावर तांदूळ बसतो तसे.
मुळाला दिशा कळते ती एवढ्यावरून.
मग निरोप निघतो, ऑक्सिन,
खालच्या अंगाला जास्त.
मुळाच्या खालच्या पेशी तो ऐकून थबकतात,
वरच्या वाढत राहतात, मूळ वाकतं.
कोंबाच्या खालच्या पेशी
तोच ऐकून लांबतात, कोंब उठतो.
अक्षरं तीच.
मात्राही त्याच.

टोपी कापली तर मूळ वाढतं,
पण कुठे जायचं ते त्याला सुचत नाही.
दोन-तीन दिवसांत नवी टोपी येते.
हे मी पुष्कळदा केलंय. दरवेळी
ब्लेड धुताना हात जरा सावकाश चालतो.

त्या दिवशी शेवटी टीचरनी
सुलक्षणाचं बोट धरलं,
काचेवरून मुळाच्या टोकाशी ठेवलं
आणि हळूहळू कोंबापर्यंत नेलं.
बोलल्या काहीच नाहीत.
बरणीवर एक ओली, वाकडी रेघ राहिली.

शाळा सुटल्यावर कुणीतरी बरणी उभी केली.
मीच असेन.
मंगळवारी प्रत्येक मुळाला
आणखी एक वळण होतं.