तिसरी प्रत

बाबा पानाला पैसे घ्यायचे.
जिल्हा कोर्टाच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली
पत्र्याचं टेबल, त्याच्या एका पायाखाली विटेचा तुकडा,
वर मशीन, दोन कार्बन, तीन प्रती.
पहिली कोर्टाची, दुसरी वकिलाची,
आणि तिसरी, धूसर, अर्धी अक्षरं उमटलेली,
ती ज्याचं भांडण त्याची.
मे महिन्यात दांड्या तापून एकमेकींत अडकायच्या,
'श' वर जायचा, 'प' तिथंच राहायचा,
बोटानं सोडवल्याशिवाय
शपथ पुरी व्हायची नाही.

मी सहा मिनिटांचे पैसे घेते.
रामदासपेठेत, सातव्या मजल्यावर
तासाचे दहा तुकडे,
प्रत्येकावर कुणा ना कुणा कंपनीचं नाव.
फोन उचलला, एक तुकडा.
विचार केला, दोन.
पाणी प्यायला उठले, तो कुणाचाच नाही.

त्याआधी धरमपेठेत चांदोरकर साहेबांचं चेंबर.
पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी,
"हेडाऊ म्हणजे कुठले?"
गोळीबार चौकातले, म्हटलं.
ते म्हणाले, "अच्छा."
तो अच्छा अकरा महिने माझ्या खुर्चीवर बसून होता.
मी बाजूला उभी.
पगार नव्हता, शिकायला मिळायचं.
जिल्हा कोर्टात काम निघालं की मागच्या फाटकानं जायची मी.
कोट उधारीचा आहे, बाबांना दिसायला नको,
असं स्वतःला सांगायची.
टकटक मात्र मागच्या फाटकापर्यंत यायची.

आता कुणी विचारत नाही.
अर्जावर आडनाव झाकलेलं, कॉलेज झाकलेलं,
गावावर काळी पट्टी.
करारनामा यंत्र लिहितं चार सेकंदांत,
आम्ही फक्त चुका शोधतो, त्याही कमी होत चालल्यात.
ज्युनिअर सहा होते, दोन उरले.
यंदा जागा एक.

उमेदवार क्रमांक नऊ.
पडद्यावर त्याच्यामागे पुस्तकांची खोटी भिंत.
मान हलली की कानांभोवती ती भिंत विरघळायची
आणि मागून दिसायचं झेरॉक्सचं दुकान,
पासपोर्ट फोटो आठ नग, लॅमिनेशन करून मिळेल,
आणि कुणीतरी सुटे पैसे मागत उभं.
आम्ही नाव झाकलं होतं,
दुकान झाकायचं राहिलं.

पुण्याहून निमकर हसले. वाईट नव्हतं हसणं,
उन्हात छत्री उघडावी तसं, सवयीचं.
मग माझी पाळी.
मी विचारलं, एका शपथपत्राला किती वेळ लागतो?
आधीच्या आठ जणांनी मिनिटं सांगितली होती,
एकानं सेकंद.
हा थांबला. मागे मशीननं एक पान ओकलं.
"मॅडम, टाइप करायला
का समजावून सांगायला?"

मी माईक बंद केला.
माझ्या तक्त्यात पाच रकाने होते,
भाषा, तर्क, सॉफ्टवेअर, सादरीकरण, वेग.
हे कुठं लिहू?
वेगात त्याला दोन दिले,
कारण तो खरंच थांबला होता.
बाकी चारांत काय दिलं ते सांगायची मुभा नाही.
निकाल सोमवारी.

घरी बाबा कूलरसमोर,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याची तारीख आहे.
"काय बापा, आज किती पानं झाले?"
रोज विचारतात.
पानं नसतात आता, बाबा, हे सांगून झालंय.
"मंग मोजता कशानं?"

रात्री लॅपटॉप उघडून दिवस भरायला घेतला.
सगळे तुकडे वाटून झाले,
चार बेचाळीस ते चार अठ्ठेचाळीस रिकामा.
रिकामं ठेवलं तर यंत्र सोडत नाही,
लाल होऊन विचारत राहतं,
कुणाच्या नावे?
मी टाइप केलं: तिसरी प्रत.
त्याला असा अशील सापडला नाही.
पुन्हा विचारून राह्यलंय.