सातवी पातळी

रावेरला, केळीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून
त्यामागे लोकेश फासा टाकतो.
कूलर घरघरतो. शेवेची वाटी नकाशावर,
बरोबर सातपुड्याच्या खिंडीत.

पहिल्या पातळीवर उंदरांनी मारलं होतं मला,
साध्या उंदरांनी; तेव्हा हर्षाली इतकी हसली
की पेन्सिल मोडली.
आता माझ्याकडे जादूची कुऱ्हाड, प्राण चौसष्ट.
पण राक्षसही वाढलेत माझ्याच मापानं,
शिंप्याकडून शिवून आणल्यासारखे.

आज माझा वीस बाजूंचा फासा एकवर थांबला.
पुठ्ठ्यामागे त्याचा खडखडला.
लोकेश गप्प.
मग म्हणाला, "राक्षसाचा वार हुकला."

खोक्याला हवेसाठी भोकं असतात, भो.
मी पाहिला आकडा.

नाव खोडलं. कोरा कागद घेतला.
पातळी: एक.
"उंदीर आण," म्हटलं.