संख शाखेची लाइन

सांगलीहून चार तास एसटीत,
मांडीवर राउटर, दुधाची किटली धरावी तसा.
जतच्या पुढं पाट्या दोन लिप्यांत होतात
आणि कंडक्टर सुट्टे पैसे कानडीत मागतो.

संख शाखा : पत्र्याखाली एक काउंटर,
डाळिंबाच्या खोक्यावर ठेवलेला मोडेम.
"आठ दिवस लाइन मेलीय," बिराजदार बाई म्हणाल्या,
"पासबुकं हातानं भरतोय."

मी निळी चपटी केबल खोचली.
राउटर कोरा. त्याला काहीच ठाऊक नाही,
स्वतःचं नावसुद्धा.

सिरीयल पोर्ट जन्मतःच मिटलेला असतो.
'उघड' म्हणायची सोयच नाही त्याच्या भाषेत.
'बंद' लिहायचं,
आणि त्याच्या आधी 'नको'.

मग पत्ता. चार घरांची गल्ली मिळते :
पहिलं घर गल्लीच्याच नावावर जातं,
शेवटचं सगळ्यांना एकदम हाक मारायला.
उरतात मधली दोन.
एकात सांगली, एकात संख.
तिसऱ्याला जागा नाही, पाव्हणा आला तरी.

घड्याळ आपण लावायचं नाही. ते मोडेमकडं.
लेझमीत हलगी एकाच्याच गळ्यात असते,
बाकीच्यांनी पाय टाकायचे,
इथं सेकंदाला चौसष्ट हजार.

तरी पडदा म्हणाला : तार जागी, बोलणं बंद.
भावकीत असतं तसं.
दिवा दिसतो, माणूस दिसतं, शब्द नाही.

एक्स्चेंजात दस्तगीर नदाफ, लाइनमन,
फोनवर निम्मा मराठी, निम्मा कानडी.
त्यानं तिकडून लाइन उलटी जोडली
आणि माझीच हाक माझ्याकडं परत आली,
धड, वाटेत काही न सांडता.
म्हणजे तार चांगली. खोट माझ्याकडं.

कानामागं खाजवताना आठवलं,
सांगलीचा राउटर वेगळी बोली बोलतो.
हा अजून कारखान्यात शिकवलेलीच.
एन्कॅप्स्युलेशन पीपीपी. एवढी एक ओळ.
काउंटरवर बिराप्पा शिपाई ओरडला,
"बंतु! साहेब, बंतु!"
कुणा लक्काबाईची शिल्लक पडद्यावर आली,
दोनशे अकरा रुपये.

चहा आला. चहापाठोपाठ लोडशेडिंग.
यूपीएस टिटवीसारखा चारदा ओरडला आणि त्यानं मान टाकली.
वीज आली तेव्हा राउटर पुन्हा तान्हा.
'राइट' म्हणायचं मी विसरलो होतो,
आणि लिहून ठेवलं नाही तर
त्याला काही म्हणता काही आठवत नाही.

नोकरीची सतरा वर्षं. कान गरम झाले.

बाईंनी भरणा स्लिपची पाठ पुढं केली.
माझ्या खांद्यामागं उभं राहून
अक्षर न् अक्षर उतरवलं होतं, देवनागरीत.
त्या वाचत गेल्या, मी टाइप करत गेलो :
"आयपी ॲड्रेस. हे आकडे. मग नो शटडाउन.
मग साहेब फोनवर बोलले.
मग साहेब थांबले, कानामागं खाजवलं.
मग ई, एन, सी, ए, पी..."

या खेपेला मी खाजवलं नाही.
तरी त्या थांबल्या तिथं,
मी थांबलो होतो तेवढाच वेळ.

शेवटी मी 'राइट' घातलं स्लिपवर.
त्यांनी खाली दोन रेघा मारल्या, रुळावर धरून.

पाचची गाडी. खिडकीत बाभळी, माळ, एखादी विहीर.
मागं पत्र्याखाली ती दोन टोकं
दर दहा सेकंदांनी एकमेकांना विचारत असणार :
आहेस का?
आहे.
चार-पाचदा उत्तर आलं नाही
तर बोलणं बंद धरायचं, असा नियम.

जतच्या स्टँडवरून मी शाखेत फोन लावला.
मी काही विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या,
"आहे."
आणि फोन ठेवून दिला,
काउंटरला गर्दी होती.