दुसरी मोहीम

बाबांच्या ट्रकमध्ये, काचेखाली,
टोलच्या पावत्या, सुकवलेल्या माकुळाचं पाकीट
आणि माझंच जुनं यंत्र.
शाळेत असताना रडून घेतलेलं,
कोपऱ्याला तडा,
फटींमध्ये सिमेंटची पिठी.

दोंगहे बंदरात रात्री दोनपासून रांग लागते.
नंबर येईस्तोवर बाकीचे ड्रायव्हर घोरतात,
पत्ते कुटतात, फोनवर बायकांशी भांडतात.
मा ग्वांग-सिक, वय सत्तावन्न,
हेडफोनचा एकच बोळा कानात कोंबून,
दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा ठेवून,
युद्धावर जातात.

जीव मुठीत धरून, असं आपण उगाच म्हणतो.
इथे खरंच मुठीत असतात
चार जीव, एक टेकडी, एक रेडिओचा मनोरा
आणि बॅटरी संपत आल्याचा लाल ठिपका.

एकदा विचारलं, काय मिळतं हो यात?
म्हणाले, थांबा म्हटलं की थांबतात.
आणि दाखवलं. हे बटण धरून ठेवायचं:
झोपा. डावीकडून जा. मी आल्याशिवाय हलू नका.
तिघंही ऐकतात. घरात कोण ऐकतं एवढं?

आणि गोळी.
बाजूची कळ सरकवली की गोळी हवेत थांबते.
पुढचा ट्रक हलतो. बाबा गिअर टाकतात,
वीस फूट पुढे, हँडब्रेक,
कळ परत मागे.
गोळी राहिली होती तिथूनच निघते,
कुठे अडकलीस म्हणून तिला कोणी विचारत नाही.

खऱ्या सैन्यात अडीच वर्षं काढली त्यांनी,
इंजेच्या डोंगरात, उत्तरेकडच्या कुंपणाशी.
डोळ्यांत तेल घालून पाहिलं काय, तर गवत.
गवतातून पळणारी सुळेवाली हरणं.
झाडली एकही नाही.
उपसला तो बर्फ, फावड्याने, पहाटे चारला,
रसद घेऊन येणाऱ्या गाडीसाठी.
प्यो नावाचा कुणी होता.
जेवताना एकदा निघालं त्याचं नाव
घाट, बर्फ, घसरलेली गाडी इथपर्यंत,
आणि आईने घाईघाईने सूप वाढलं.

गेल्या आठवड्यात बाबांचा गुडघा उघडला डॉक्टरांनी.
ट्रक धुवायला मी गेले, यंत्र सापडलं, चालू केलं.
चारशे बारा तास.
दुसरी मोहीम तीनशे अठरा वेळा पूर्ण.
तिसरी, एकदा.

म्हटलं, बोटं आखडली असतील, जमत नसेल पुढचं.
म्हणून मी खेळले तिसरी.
एक पूल आहे, लाकडी, बर्फाने पांढरा.
त्यावर तीन नंबरचा शिपाई मरतो.
परत खेळले. धूर सोडला. नदीतून नेलं.
दोन नंबरला पुढे धाडलं, मेला तर मेला म्हणत.
एकदा तर अर्धा तास नुसती थांबून राहिले अलीकडे.
तीन नंबर उठतो, हुकमाशिवाय चालू लागतो,
त्याच फळीपर्यंत.
ते आधीच लिहिलेलं आहे. त्याला बटण नाही.

मग दुसरी खेळून पाहिली.
काहीच घडत नाही तिच्यात फारसं.
चौघं रात्रभर गवतात पडून असतात,
मनोऱ्याची तार कापतात, उजाडता परततात.
शेवटी गाडीच्या फाळक्यावर पाय हलवत बसलेला तीन नंबर
परक्या भाषेत काहीतरी बोलतो
आणि स्वतःच हसतो.
बाबांना ती भाषा येत नाही.
तीनशे अठरा वेळा ऐकलं असेल.

इस्पितळात चार्जर घेऊन गेले.
खेळलीस वाटतं, म्हणाले, बॅटरी उतरलीये.
हो, म्हटलं. दुसरी.
खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं,
सगळे आले परत?
आले, म्हटलं.
हं, म्हणाले,
आणि उशीखाली चाचपत,
माझा चष्मा कुठे ठेवलास गं?